हॉर्न, वूफर आणि काकींची खुर्ची: क्रॉसओव्हर नेमका कुठे ठेवायचा?

गोव्यात अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, बहुतेक देवळांसारखंच आमच्याही देवळात जत्रेच्या रात्री संगीत नाटक होतं. नट गावचे, पेटी-तबला फोंड्याहून, आणि साउंड गेली काही वर्षं माझ्याकडे. धंदा नाही, हौस. तीन वर्षांपूर्वी नांदी संपून पहिलं पद सुरू झालं तेव्हा मी मिक्सरपाशी, प्रेक्षकांच्या बरोबर मधोमध बसलो होतो. आवाज इतका स्वच्छ की आपलीच पाठ थोपटावीशी वाटली. मध्यंतरात चहाच्या टेबलाशी काकी भेटल्या. त्या दर वर्षी डाव्या टोकाला, दीपस्तंभाच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसतात. म्हणाल्या, "अरे, सूर कळतो, पण शब्द नाही कळत. तोंडात सुपारी धरून गातोय की काय तो?"

मनातल्या मनात मी आधी काकींच्या कानांना दोष दिला. मग दुसऱ्या अंकाला त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. कान ठीक होते. तबल्याचा डग्गा भरदार, वरचा 'स' आणि 'श' कुरकुरीत, पण मधे काहीतरी नव्हतंच. हसऱ्या माणसाचा समोरचा दात पडलेला असावा, तसं.

स्पीकरचा बॉक्स तोच, गायक तोच, माझ्या आणि काकींच्या खुर्चीत पंधरा-वीस पावलांचं अंतर. फरक होता तो फक्त कोनाचा. मी बॉक्सच्या नाकासमोर होतो, त्या ४० अंश बाजूला. आणि चूक ना बॉक्सची होती ना गायकाची. प्रोसेसरवर, म्हणजे आवाजाची वाटणी करणाऱ्या यंत्रावर, मी टाकलेल्या एका आकड्याची होती: क्रॉसओव्हर २००० हर्ट्झ.

स्टेजच्या दोन बाजूंना जे बॉक्स, म्हणजे टॉप, उभे असतात त्यांत सहसा खाली एक मोठा वूफर असतो आणि वर हॉर्न, म्हणजे आपला भोंगाच, जरा शहाणा झालेला. खालचे सूर वूफर वाजवतो, वरचे हॉर्न. एकाने कुठे थांबायचं आणि दुसऱ्याने कुठे उचलायचं, ती हद्द म्हणजे क्रॉसओव्हर. ही हद्द विजेची बाब आहे, यंत्रावर आकडा टाकला की झालं, असं मला वाटायचं. ती खरं तर भूमितीची बाब आहे.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. त्यामुळे १०० हर्ट्झची एक लहर साडेतीन मीटर लांब, १००० हर्ट्झची ३५ सेंटिमीटर आणि १०,००० हर्ट्झची साडेतीन सेंटिमीटर. एकाच गाण्यात खोलीएवढ्या लहरीही असतात आणि बोटाएवढ्याही. पुढची सगळी गंमत या एका गोष्टीत आहे.

खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधावर मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, बघितली असेल. बाहेरून आलेली लाट तिच्या अरुंद तोंडातून आत शिरली की गोल गोल पसरत जाते. तेच बांधाला मोठं भगदाड पडलेलं असलं तर लाट आहे तशी सरळ आत येते, बाजूंना फारशी वळत नाही. तोंड लाटेपेक्षा लहान असेल तर पसरणार, मोठं असेल तर सरळ जाणार. आवाजाचं वागणं हेच.

आता पदेराचा भोंगा घ्या. सकाळी सायकलवर पाव घेऊन येणारा पदेर तो रबरी फुगा दाबतो आणि पों-पों ऐकू येतं. भोंग्याचं तोंड वाटीएवढं, आणि त्या 'पों'ची मूळ लहर हातभराहून लांब. म्हणून भोंगा समोर रोखलेला असला तरी आवाज मागच्या घरातही जातो, माडाच्या पलीकडेही जातो. पदेराला तेच हवं असतं. मग भोंगा लावून मिळालं काय? जोर. नुसती पत्ती हवेत थरथरली तर चिवचिवाट होईल. भोंगा त्या बारक्या थरथरीला हळूहळू मोठ्या हवेशी जोडून देतो. साउंडवाल्यांच्या हॉर्नचंही पहिलं काम हेच. तेवढ्याच विजेत हॉर्नमागचं युनिट, म्हणजे आवाज काढणारा भाग, वूफरपेक्षा १० डेसिबलच्या आसपास जास्त मोठ्याने वाजतं. दिशा देणं हे हॉर्नचं दुसरं काम, आणि ते तोंड लहरीच्या मानाने मोठं असेल तरच होतं. भोंगा दिसला म्हणजे आवाज एका दिशेला गेला, असं मुळीच नाही.

वूफरही याच नियमात बसतो. १५ इंची वूफरचा हलणारा शंकू प्रत्यक्षात ३३ सेंटिमीटरच्या आसपास असतो, बाकीची चौकट. दीडशे हर्ट्झला लहर सव्वादोन मीटरची, म्हणून आवाज जवळजवळ सगळीकडे पसरतो. सूर चढेल तशी लहर आखूड होते आणि आवाजाचा झोत अरुंद होत जातो. मधल्या रेषेपासून ज्या कोनावर आवाज ६ डेसिबलने पडतो तो कोन दोन्ही बाजूंना मोजून बेरीज केली की येतो तो पसारा. गणित करून पाहिलं तर एक सोपी खूण सापडते: लहर शंकूच्या व्यासाएवढी झाली की पसारा ९० अंश. म्हणजे ३५,००० ला शंकूच्या सेंटिमीटरमधल्या व्यासाने भागा. ३३ ने भागलं की १०६० हर्ट्झ. बारा इंचीचा शंकू २६ सेंटिमीटर धरला तर साडेतेराशेच्या आसपास.

आणि २००० हर्ट्झला? लहर साडेसतरा सेंटिमीटर, शंकू तिच्या जवळपास दुप्पट. पसारा जेमतेम ४५ अंश, म्हणजे डावीकडे साडेबावीस, उजवीकडे साडेबावीस. काकी बसल्या होत्या ४० वर. तिथे गणितात जवळजवळ शून्यच येतं. खरा कागदी शंकू गणितातल्यासारखा ताठ नसतो, वरच्या सुरांना त्याचा मधला भाग कडेपेक्षा वेगळा हलतो, म्हणून अगदी शून्य होत नाही. पण खड्डा पडतो. १५०० हर्ट्झलासुद्धा त्या कोनावर हिशोब साधारण ११ डेसिबल खाली दाखवतो. २००० ओलांडलं की हॉर्न सुरू होतो, त्याचा पसारा ९० अंश, आणि काकींना आवाज पुन्हा पोचतो. हजार ते दोन हजार हे एक अख्खं सप्तक. तेवढंच त्यांच्या खुर्चीवरून गायब होतं.

ते सप्तक नेमकं कशाचं? काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, तार षड्ज २७७. मूळ सूर सगळे वूफरच्या हद्दीत, क्रॉसओव्हरपासून लांब. म्हणून काकींना सूर कळत होता. पण शब्द मूळ सुरात नसतात. तोंडाच्या पोकळीच्या आकारानुसार आवाजात काही ठिकाणी उंचवटे येतात आणि त्यांवरून कान स्वर ओळखतो. पुरुषाच्या 'ऊ' आणि 'ई' मधला पहिला उंचवटा जवळपास सारखाच, तीनशेच्या आगेमागे. दुसरा मात्र 'ऊ'चा हजाराच्या खाली आणि 'ई'चा दोन हजारांच्या वर. 'आ' या दोघांच्या अधेमधे. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना हा दुसरा उंचवटा वरखाली सरकतो, आणि त्याची वाट बरोबर आमच्या खड्ड्यातून जाते. सुपारी धरून गातोय असं वाटणारच.

आणि अशा वेळी समितीचं माणूस मिक्सरपाशी येऊन काय सांगतं? "जरा आवाज वाढव रे, त्या बाजूला ऐकू येत नाही." आवाज वाढवला की खड्डा तसाच राहतो, मधल्यांचे कान दुखतात, माइक शिट्टी मारतो, आणि शेताच्या पलीकडच्या वाड्यावरून फोन येतो. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर नाही हा नियम २००० सालचा. सणासुदीला वर्षातले फार तर १५ दिवस १२ पर्यंत सूट सरकार देऊ शकतं. त्या सवलतीत गावाला बेजार करण्यापेक्षा आवाज सगळ्या खुर्च्यांवर सारखा पोचवलेला बरा.

तर मग हद्द खाली आणायची, वूफरचा पसारा ९० अंशांवर असेल तिथे, म्हणजे हजार-अकराशेला. पण हॉर्नच्या मागे ९० लिहिलंय म्हणून तो अकराशेला ९० पाळेलच असं कोणी सांगितलं?

इथे थोडा इतिहास. वेन्टे आणि थुरास या, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज प्रयोगशाळेच्या जोडगोळीने १९३० च्या दशकापर्यंत सिनेमागृहांसाठी दणदणीत हॉर्न उभे केले होते. जुन्या हॉर्नची अडचण अशी की सूर चढेल तसा त्यांचा झोत टॉर्चसारखा आवळत जायचा. मधल्या रांगेला चकचकीत, कडेच्या रांगेला बोथट. उपाय म्हणून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे अनेक छोटे हॉर्न एकत्र बांधून वेगवेगळ्या दिशांना रोखायचे. १९७५ मध्ये डॉन कील या अमेरिकी अभियंत्याने हॉर्नच्या भिंतींचा आकारच बदलून पसारा सगळ्या वरच्या सुरांना जवळपास एकसारखा ठेवला. आजच्या जवळजवळ प्रत्येक टॉपमधला हॉर्न या घराण्यातला. याची किंमत एवढीच, की वरचे सूर झोतात न दाटता पसरतात म्हणून समोर फिके वाटतात आणि प्रोसेसरवर चढवावे लागतात. ते सहसा कंपनीच करून देते.

कील यांनी एक फार उपयोगी हिशोबही मांडला. आपल्या मापांत, जरा गोळाबेरीज करून: २५ लाखांना हॉर्नचा कोन गुणिले तोंडाची सेंटिमीटरमधली रुंदी याने भागा. उत्तर येईल त्या हर्ट्झच्या खाली हॉर्न आपला कोन सोडून पसरायला लागतो. माझ्या हॉर्नचं तोंड मी मोजपट्टीने मोजलं: २९ सेंटिमीटर रुंद. ९० गुणिले २९ म्हणजे २६१०. २५ लाख भागिले २६१०, झाले ९६० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे अकराशेला हा हॉर्न ९० अंश धरून आहे, आणि वूफरही तिथे ९० च्या जवळ आहे. दोघांचा पसारा जिथे जुळतो तिथेच हद्द. मी ती जवळजवळ एक सप्तक वर ठेवून बसलो होतो.

या दोन हिशोबांतून एक मजेशीर गोष्ट निघते. ९० अंशांसाठी हॉर्न २८ सेंटिमीटर हवा आणि हद्द हजाराला. आता ६० अंशांचा हॉर्न घ्या. वूफरचा पसारा ६० वर येतो १५०० हर्ट्झच्या सुमाराला. २५ लाख भागिले ६० गुणिले १५००, पुन्हा २८ सेंटिमीटरच! कोन कुठलाही घ्या, हॉर्नचं तोंड साधारण वूफरच्या शंकूएवढं असावं लागतं. दुकानात मापं, वॅट, मॅग्नेट विचारत बसण्याआधी बॉक्स समोर ठेवून नुसतं बघा. पंधरा इंची वूफरवर ओंजळीएवढा हॉर्न बसवलेला असेल, तर बाजूच्या खुर्च्यांचं काय होणार हे पोस्टरवरच्या वॅटच्या आकड्यापेक्षा ते चित्र जास्त खरं सांगतं.

मग मी २००० वर का अडून बसलो होतो? दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. याआधी माझ्याकडे लहान टॉप होते, युनिटचा डायफ्राम, म्हणजे आतला थरथरणारा पातळ पडदा, ४४ मिलिमीटरचा. क्रॉसओव्हर खाली आणला की आवाज भरतो असं कुणाकडून तरी ऐकलं आणि ९०० वर टाकलं. भरला खरा. तिसऱ्या अंकात खलनायकाच्या मोठ्या संवादाला उजवा हॉर्न एकदा खरखरला आणि गप्प झाला. खोलून पाहिलं तर डायफ्रामला कडेने चीर. उरलेलं नाटक उजव्या बाजूच्या लोकांनी गोधडीतून ऐकल्यासारखं ऐकलं.

कारण साधं आहे. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर डायफ्रामला चौपट लांब हलावं लागतं. २००० वरून ९०० म्हणजे जवळपास पाचपट. त्यात हॉर्न लहान असला की एका हद्दीखाली तो हवेचा भार डायफ्रामवर टाकायचं सोडून देतो, आणि मग तो मोकाट हलतो, भरलेल्या घागरीच्या जागी रिकामी घागर ओढल्यासारखा. आत्ताच्या टॉपमधलं युनिट ७५ मिलिमीटर डायफ्रामचं आहे आणि कंपनीच्या कागदावर ८०० च्या वर, सप्तकाला २४ डेसिबल उताराने, म्हणजे हद्दीपलीकडे आवाज दर सप्तकाला तेवढा पाडत, चालेल असं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा ११०० ला धोका नाही. पसाऱ्याच्या हिशोबाने काहीही उत्तर येवो, युनिटच्या कागदावरचा आकडा ही लक्ष्मणरेषा. दोन्ही आकडे जुळत नसतील तर तो बॉक्सच चुकीचा जुळवलेला आहे. मग हद्द वर ठेवून युनिट वाचवायचं, आणि टॉप आत वळवून किंवा कडेला एक छोटा जादा बॉक्स देऊन काकींची सोय बघायची.

उताराबद्दल एवढंच, की तो २४ चा लिंकविट्झ-रायली जातीचा घ्यावा. प्रोसेसरवर हे नाव असतंच. यात हद्दीवर दोघेही ६ डेसिबल खाली असतात आणि एका तालात हलतात, म्हणून समोर बेरीज सपाट येते. एका तालात, पण दोघे एकाच अंतरावर असतील तर. हॉर्नचा डायफ्राम बॉक्समध्ये वूफरच्या शंकूपेक्षा १० सेंटिमीटर मागे असेल तर अकराशेला ती जवळजवळ एक तृतीयांश लहर झाली. वूफरला ०.२९ मिलिसेकंद थांबवायचं. बरोबर थांबवलं की नाही ते बघायला हॉर्नची पोलॅरिटी, म्हणजे अधिक-उण्याची दिशा, मुद्दाम उलटी करा: हद्दीवर दोघांनी एकमेकांना खाऊन टाकायला हवं. खड्डा सगळ्यात खोल पडतो तिथे वेळ जुळली. मग पोलॅरिटी सुलट करायला विसरू नका. मी एकदा विसरलोय.

आता उभ्या दिशेकडे, कारण तिथे कंपन्या अर्धसत्य लिहितात. माझ्या बॉक्सवर '९० बाय ४०' छापलंय, म्हणजे आडवा पसारा ९०, उभा ४०. हॉर्नची उंची १७ सेंटिमीटर. हिशोब करा: २५ लाख भागिले ४० गुणिले १७, सुमारे ३७०० हर्ट्झ. म्हणजे ४० अंश हे वचन ३७०० च्या वरच पाळलं जातं. अकराशेला याच हॉर्नचा उभा पसारा १३० अंशांच्या वर जातो, आडव्यापेक्षा जास्त. उभा अरुंद म्हणून घेतलेला हॉर्न खालच्या सुरांना उभाच रुंद होतो. तो जादा आवाज जातो कुठे? आमच्याकडे मंडपाच्या पत्र्यावर. तिथून तो फिरून गायकाच्या माइकमध्ये. शिट्टी कायम त्याच एका सुरावर का येते, हे कोडं मला यातून सुटलं.

वूफर आणि हॉर्न एकाखाली एक असल्यामुळे उभ्या दिशेत आणखी एक भानगड होते. दोघांची केंद्रं ३८ सेंटिमीटर अंतरावर आहेत. समोर उभं राहिलं तर दोन्ही आवाज एकदम पोचतात. वर किंवा खाली सरकलं की एकाची वाट लांबते, आणि फरक अर्ध्या लहरीएवढा झाला की दोघे एकमेकांना पुसतात. अकराशेला हे २५ अंशांवर होतं, २००० ला १३ वरच. हद्द खाली आणल्यावर चांगल्या आवाजाची खिडकी जवळपास दुप्पट उघडली, तीही फुकटात.

बॉक्स उभा असेल तर हे पुसलं जाणं पत्र्याजवळ आणि जमिनीत होतं, तिथे कोणी बसत नाही. पण मंडपवाल्याची पोरं स्टँड कमी पडले की टॉप बाकावर आडवा निजवतात. दिसायला नीट, पडायची भीती नाही. आडवा केला की ते २५ अंश वर-खालीऐवजी डावी-उजवीकडे येतात: चार मीटरवर मधल्या रेषेपासून पावणेदोन-दोन मीटरवर शब्दांचा खड्डा. तिथे दुसऱ्या रांगेतल्या खुर्च्या असतात, आणि आमच्याकडे त्या समितीच्या.

हे सगळं कागदावर न ठेवता मी कापणी झालेल्या शेतात एक टॉप स्टँडवर उभा केला, आसपास भिंत नाही अशा जागी. स्टँडच्या पायाला चार मीटर सुतळी बांधली, टोक हातात धरून अर्धवर्तुळ चाललो. टॉपमधून पिंक नॉइज, म्हणजे पागोळ्यांसारखा एकसारखा सूं-सूं आवाज. २००० वर ठेवून चाललो तर पंधरा-वीस पावलांत आवाजाचा रंग तीनदा बदलला: भरीव, मग पोकळ, मग नुसता चिरका. ११०० वर ठेवलं तर कडेला जाताना आवाज हळूहळू कमी झाला, पण रंग तोच. फोनवरच्या अ‍ॅपने आलेखही दाखवला, पण कानाला जे एका फेरीत कळलं त्यापुढे तो आलेख मी नंतर उघडलाही नाही. शेजारच्या पोराने मात्र विचारलं, हा पाऊस कधी थांबणार.

पुढच्या जत्रेला टॉप उभे, हद्द ११०० ला, तोंडं किंचित आत वळवलेली. पहिलं पद सुरू झाल्यावर मिक्सर पुतण्याकडे देऊन मी दीपस्तंभापाशी गेलो. काकींनी बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं आणि शेजारची खुर्ची ओढून दिली.